विटाळ कुठून कुठे जातो?

मागच्या पावसाळ्यात डोंबिवलीतल्या एका डेंटल लॅबमधून फोन आला. "सर, कॅपवर काळे ठिपके येतायत. जरा तुमचं सॉफ्टवेअर बघा."

मी ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. दाताच्या कॅप बनवणाऱ्या मिलिंग मशीनवर कुठलं काम कधी लागलं, कुठलं टूल किती वापरलं गेलं, बदलायची वेळ कधी आली, याची नोंद ते ठेवतं. ठिपक्यांशी त्याचा काय संबंध, ते मला कळेना. पण मी राहतो डोंबिवलीतच. म्हटलं, संध्याकाळी घरी जाता जाता डोकावू.

लॅबच्या मालकांनी एका ट्रेमध्ये सहा कॅप काढून ठेवल्या होत्या. दुधासारख्या पांढऱ्या, आणि प्रत्येकीवर टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन करडे ठिपके. त्यांचं निदान तयार होतं. दीड महिन्यापूर्वी सफाईला एक मुलगा ठेवला होता. "हात न धुता डिस्कला हात लावत असणार. ह्या पोरांना सांगून कळत नाही." मुलगा दाराशीच उभा होता. त्याच्या मागे बेसिन होतं, आणि बेसिनवर साबण नव्हता.

मी लॉग उघडला. आदल्या आठवड्यात चार रात्री त्याच मशीनवर कोबाल्ट-क्रोम या धातूच्या फ्रेम कापल्या होत्या आणि सकाळी लगेच झिरकोनिया लावला होता. मध्ये सफाईचा वेळ शून्य मिनिटं. एका सकाळी तर धातूवर चाललेला बरच पुढे झिरकोनियावर चालला होता. चारही वेळा काम पुढे ढकलायची परवानगी एकाच लॉगिनवरून दिली गेली होती. ते लॉगिन मालकांचं होतं.

*

झिरकोनिया म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. ही पांढरी, कठीण सिरॅमिक आहे. लॅबमध्ये ती जाड चकतीच्या रूपात येते. अर्धवट भाजलेली, खडूसारखी मऊ. या चकतीतून कॅप कोरतात ती मुद्दाम मोठी, साधारण २० ते २५ टक्के मोठी. मग ती १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत जाते, आकसते, घट्ट होते आणि नेमकी दाताच्या मापाला येते.

घोळ इथेच आहे. कोरताना धातूची बारीक धूळ त्या खडूसारख्या पृष्ठभागात रुतली, तर डोळ्यांना काही दिसत नाही. कॅप पांढरीच असते. भट्टीत गेल्यावर त्या कणांचं ऑक्साइड होतं, ते सिरॅमिकमध्ये मुरतं आणि बाहेर येताना ठिपका दिसतो. तोवर उशीर झालेला असतो. भाजलेली कॅप पुन्हा खडू होत नाही.

म्हणून या कामात टूलची शिस्त कडक असते. धातूचे बर वेगळे, झिरकोनियाचे वेगळे. जमलं तर मशीनच वेगळं, नाहीतर मध्ये पूर्ण सफाई. साफ करायचा ब्रश वेगळा, धूळ ओढणारी पिशवी वेगळी. फुंकर मारायच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश नको. कॅपला रंग द्यायचं द्रावण आम्लधर्मी असतं, ते धातूचा अंश ओढून घेतं, म्हणून तिथे चिमटासुद्धा प्लास्टिकचा. आणि भट्टीही निर्दोष नसते. बऱ्याच भट्ट्यांत मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या तापणाऱ्या कांड्या असतात. त्यांच्यातून सुटलेला मॉलिब्डेनमचा अंश कॅपवर बसला, तर पांढऱ्यावर हिरवट-पिवळी झाक येते.

मोठ्या कारखान्यांतही प्रश्न हाच. सिरॅमिकची पूड दळायला पोलादी गोळे वापरले तर गोळे झिजतात आणि लोखंड पुडीत उतरतं. त्यामुळे शक्य तिथे जी पूड दळायची, त्याच पदार्थाचे गोळे घेतात; झिजले तरी परकं काही मिसळत नाही. फायबरचे थर एकमेकांवर बसवताना हातमोजे घालतात, कारण बोटांचं तेलसुद्धा दोन थरांमधली पकड बिघडवतं. साच्याला माल चिकटू नये म्हणून सिलिकॉन लावायला अनेक ठिकाणी बंदी असते. नको तिथे त्याचा पुसटसा थर गेला, तरी पुढे तिथे काही नीट चिकटत नाही.

हे सगळं मला आधीपासून थोडंफार माहीत होतं. तरी माझ्या सॉफ्टवेअरमध्ये टूलचा व्यास होता, लांबी होती, उरलेलं आयुष्य होतं. 'या टूलने शेवटचं कुठलं मटेरियल कापलं' हा रकाना मात्र नव्हता. मालकांनी घाई केली, आणि ती त्यांना बिनबोभाट करू देणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. दाराशी उभ्या असलेल्या मुलाचा या साखळीत कुठेच संबंध नव्हता.

पुढच्या दोन आठवड्यांत मी तो रकाना टाकला. धातू कापलेला बर झिरकोनियाच्या कामाला लावला, तर मशीन आता सुरूच होत नाही.

*

हे मी घरी जेवताना जरा ऐटीत सांगितलं. आई भाकरी वाढत होती. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तुमच्याकडेही वेगळं ठेवतातच ना?"

"हो, ठेवायलाच लागतं."

"मग माझ्या वेगळ्या कपाला तू का नाक मुरडतोस?"

आमच्याकडे बारा वर्षांपासून धुणंभांडी करायला एक मावशी येतात. त्यांचा कप वेगळा आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलवर तो पालथा घातलेला असतो. आई त्यांना रोज चहा देते. आमच्याच पातेल्यातला, आमच्याच आल्याचा. सणाला साडी देते, त्यांच्या मुलीच्या बारावीच्या क्लासची अर्धी फी तिने भरली. पण कप वेगळा. गंमत म्हणजे आमचे सगळे कप घासतात त्याच. कॉलेजात असताना मी यावरून एक-दोनदा वाद घातला होता. मग २०२० साली कोविड आला आणि आईला आयतं कारण मिळालं. कोविड गेला, कारण राहिलं. आता ती 'स्वच्छता' म्हणते.

आमच्या घरात जातीचा विषय निघत नाही. आमची जात आम्हाला कधी अडवत नाही, म्हणून तो काढायची गरजही पडत नाही.

आईच्या प्रश्नाला त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. "ते वेगळं आणि हे वेगळं," एवढंच म्हणालो. पण काय वेगळं? दोन्हीकडे वस्तू वेगळ्या ठेवायच्या. दोन्हीकडे स्पर्शाने काहीतरी बिघडतं असं मानायचं. दोन्हीकडे बिघाड डोळ्यांना दिसत नाही, नियम पाळणाऱ्याने विश्वास ठेवायचा. आमच्या भाषेत तर दोन्हींना एकच शब्द चालेल. मराठीत कंटॅमिनेशनला रोजच्या बोलण्यातला शब्द शोधायला गेलो, तर आधी हाताला लागतो तो 'विटाळ'. 'प्रदूषण' आणि 'दूषितीकरण' हे पाठ्यपुस्तकातले. विटाळ शिकवावा लागत नाही.

मग मला वाटलं, उत्तर आपल्याच कामात शोधावं. कॅप खराब झाल्यावर मी लॉगला जे प्रश्न विचारले, तेच कपाला विचारावेत.

*

पहिला प्रश्न: काय, कुठून, कुठे गेलं?

लॅबमध्ये याचं उत्तर सरळ आहे. कोबाल्ट आणि क्रोमियम, बरवरून आणि मशीनच्या पेटीतून, कॅपमध्ये. यातली दिशा बघा. बिघाड हत्याराकडून कामाकडे जातो. जो फिरतो, कापतो, तापवतो, त्याच्याकडून जो मऊ आहे, थांबलेला आहे, त्याच्याकडे. सिरॅमिकच्या कारखान्यात संशयितांची यादी करा: बर, गोळे, साचा, भट्टी, कॉम्प्रेसर. सगळे ताकदवान. खडूच्या चकतीला कुणी गुन्हेगार ठरवत नाही.

वैद्यकाच्या इतिहासात याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपण करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बायका जास्त मरत. एप्रिल १८४७ मध्ये तिथलं मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांवर गेलं होतं. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं, की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि जूनमध्ये प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आलं. बऱ्याच डॉक्टरांना हे पटलं नाही. पटणार कसं? इस्पितळातले सर्वांत प्रतिष्ठित हातच घाण वाहून नेत होते.

विटाळाची दिशा याच्या बरोब्बर उलट असते. तिथे बिघाड नेहमी खालून वर जातो. ज्याच्या हातात सत्ता, तो बाटणारा. ज्याच्या हातात काही नाही, तो बाटवणारा. लॅबच्या मालकांनी ठिपके बघितल्या बघितल्या त्या मुलाचं नाव घेतलं, तेव्हा त्यांनी लॉग पाहिला नव्हता. तो त्यांना पाहावासाही वाटला नव्हता. दिशा आधीच ठरलेली होती.

दुसरा प्रश्न: मोजता येतं का?

कॅपमधलं कोबाल्ट प्रयोगशाळेत मोजता येतं. कुणीही मोजलं, तरी आकडा तोच येतो. विटाळाचं मोजमाप एकदाच जवळून बघायला मिळतं, ते महाडला. तिथल्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं करायचा ठराव केला होता, पण तो कागदावरच होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं त्या तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. १०८ घागरी पाणी काढून, त्या घागरींत गोमूत्र, शेण, दूध, दही कालवून ते तळ्यात ओतलं. आता इंजिनियर म्हणून या दोन घटनांच्या मधल्या पाण्याचा नमुना घ्या. माणसं ओंजळीने प्यायली तेव्हा तळ्यात मोजण्यासारखं काहीच मिसळलं नव्हतं. मिसळलं ते शुद्धीच्या वेळी. त्या तळ्यात त्या महिन्यात जी काही खरी भेसळ झाली, ती शुद्ध करणाऱ्यांनी केली.

तिसरा प्रश्न: धुतल्यावर संपतं का?

आमचा बर साफ केला, तपासला, की नियम सुटतो. बोरॉन कार्बाइड ही सिरॅमिक इतकी कठीण, की पोलादी गिरणीत दळली तर गिरणीलाच झिजवते. त्यातून पुडीत आलेलं लोखंड आम्लाने धुऊन काढतात आणि तीच पूड पुढे वापरतात. लोखंड गेलं, विषय संपला. पुडीला कुणी जन्मभर 'लोखंड लागलेली' म्हणत नाही. आमच्या घरातला वेगळा कप मात्र रोज धुतला जातो, बारा वर्षांत चार हजार वेळा तरी धुतला गेला असेल, आणि तरीही तो वेगळाच आहे. साबणाने जात नाही ती घाण नसते, एवढं तरी म्हणता येईल.

चौथा प्रश्न मला लॅबच्या मालकांनीच सुचवला: नियम सगळ्यांना लागू आहे का? नवा रकाना बसवल्यावर आठवड्याने त्यांचा फोन आला. "हे कुलूप चांगलं आहे, पण मला तरी उघडायची सोय ठेवा." टूलच्या शिस्तीत मालकाचा बर स्वच्छ आणि कामगाराचा अस्वच्छ असं काही नसतं. कोबाल्टला हुद्दा कळत नाही.

*

इथे एक आक्षेप मलाच सुचला. मीच वर सांगितलं, की पूड दळायला तिच्याच पदार्थाचे गोळे घेतात. आपलं आपल्यात, परकं नको. हे ऐकून कुणी म्हणेल, बघा, निसर्गालाही शुद्धता लागते.

तर शुद्धतेचं काय होतं, तेही सांगतो. शंभर टक्के शुद्ध झिरकोनिया कॅप बनवायला निरुपयोगी आहे. भट्टीत तापून तो थंड होताना त्याची स्फटिकरचना बदलते, आकारमान काही टक्क्यांनी फुगतं आणि तुकडा तडकतो. त्यात दुसरा पदार्थ घालावा लागतो. दाताच्या झिरकोनियात तो बहुतेकदा यिट्रिया असतो, रेणूंच्या हिशोबात तीन टक्के किंवा थोडा जास्त. तो मिसळला की रचना टिकते, आणि पुढे एखादा तडा जाऊ लागलाच तर त्याच्या टोकापाशी कण फुगून तडा दाबून धरतात. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या तीन संशोधकांनी अशा मिश्र झिरकोनियावर 'नेचर'मध्ये लेख लिहिला. त्याचं शीर्षक होतं 'सिरॅमिक पोलाद?'. ठिसूळ समजला जाणारा पदार्थ चिवट झाला होता, आणि झाला तो मिसळल्यामुळे.

कंपोझिट म्हणजे तर मिसळणंच. ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'भाभा कवच' या बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये बोरॉन कार्बाइड आहे, कार्बन नॅनोट्यूब आहेत, पॉलिमर आहे. एकटी सिरॅमिक गोळी फोडते आणि स्वतःही फुटते. मागचा थर तुकडे धरून ठेवतो. २०१६ पासून प्रवासी विमानांवर असलेल्या लीप इंजिनात टर्बाइनभोवतीच्या कड्याला सिलिकॉन कार्बाइडचे धागे सिलिकॉन कार्बाइडमध्येच बसवलेले असतात. पदार्थ एकच, तरी दोघांच्या मध्ये मुद्दाम बोरॉन नायट्राइडचा पातळ थर देतात, म्हणजे तडा धाग्यापाशी येऊन वळतो, धागा तुटत नाही. एकाच जातीचे दोघे घट्ट चिकटून बसले, तर एकाचा तडा दुसऱ्यातून आरपार जातो.

तेव्हा टूलची शिस्त शुद्धतेसाठी नसतीच. पदार्थात यिट्रिया हवा म्हणून घातलेला असतो, कोबाल्ट नको असताना आलेलं असतं. यिट्रियाने कॅप टिकते, कोबाल्टने बिघडते. दोन्ही 'परकेच'. फरक परकेपणात नाही, परिणामात आहे, आणि परिणाम तपासावा लागतो.

*

तपासायचंच, तर आमच्या गावात कामाला तोटा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता. मुख्यमंत्री बघायला आले होते, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. कल्याणला वालधुनीच्या पुलावरून जाताना लोकलच्या दारात उभी असलेली माणसं नाकाला रुमाल लावतात, तिला तर बातमीही लागत नाही. इथे काय, कुठून, कुठे जातं, हे मोजता येतं. दिशाही वरून खाली असते: कारखान्यातून नाल्यात, नाल्यातून नदीत, नदीतून काठच्या वस्तीत. मावशी त्याच बाजूला राहतात. रात्री वास सुटला की आम्ही खिडक्या लावून घेतो. त्या खिडकीच्या ग्रिलवर त्यांचा कप असतो.

*

हे सगळं मी आईला दोन-तीन रात्रींत तुकड्यातुकड्याने सांगितलं. तिने वाद घातला नाही. शेवटी म्हणाली, "तुझं बरोबर असेल रे. पण माझ्या हातून होत नाही." मला वाटतं, कपाबद्दल आमच्या घरात बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य. त्यात 'स्वच्छता' नव्हती.

मग एका रविवारी मी शहाणपणा केला. आई देवळात गेली होती. मी चहा केला आणि मावशींना आमच्यातल्या, निळ्या फुलांच्या कपात दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ग्रिलवरचा आपला कप सुलटा केला आणि चहा त्यात ओतून घेतला. निळा कप लगेच विसळून फळीवर ठेवला.

"राहू दे दादा," त्या म्हणाल्या. "तू सोमवारी ऑफिसला जाशील. मला आईंच्याबरोबर रोज काढायचंय."

मला माझ्या मनाचा ठिपका घालवायचा होता, आणि त्याची किंमत त्या मोजणार होत्या. बारा वर्षांत मी त्यांना कपाबद्दल काय वाटतं हे एकदाही विचारलं नव्हतं. या घरात फिरणारं, कठीण टूल मी होतो. थांबून झिजायचं त्यांना होतं. दिशेचा एवढा हिशोब मांडून मी स्वतःला त्यात धरायला विसरलो होतो.

त्यामुळे ज्याने सोमवारी घरी राहायचं नाही, त्याने रविवारी क्रांती करू नये, एवढं मला कळलं. नियम ज्यांनी केला, त्यांनीच तो मोडायला हवा. माझं काम आईशी बोलत राहण्याचं आहे, मावशींच्या हातात कप देऊन मोकळं होण्याचं नाही. ते जास्त कंटाळवाणं आहे आणि त्याचा फोटो निघत नाही.

लॅबच्या मालकांना मी शेवटी कुलूप उघडायची सोय दिली. धंदा त्यांचा आहे. पण उघडताना एक चौकट येते: 'कारण लिहा'. ती रिकामी ठेवता येत नाही. लिहिलेलं कारण त्यांच्या नावासकट लॉगमध्ये राहतं, आणि तो लॉग लॅबमध्ये कुणालाही वाचता येतो, सफाईच्या मुलालाही. पहिल्या महिन्यात त्यांनी ती सोय दोनदा वापरली. त्यानंतर वापरलेली नाही. मुलगा अजून कामावर आहे. बेसिनवर साबण आला आहे.

आमच्या खिडकीवरचा कप अजून तिथेच आहे. मी आईला एवढंच म्हटलंय, की तो तिथे का आहे याचं कारण जेव्हा सांगशील, तेव्हा मावशींसमोर सांग. तिने अजून सांगितलेलं नाही. परवा चहा ओतताना मात्र तिचा हात एकदा फळीकडे गेला, क्षणभर थांबला, आणि मग ग्रिलकडे वळला.